आर्केड व्हिडिओ खेळ

सार्वजनिक ठिकाणी मांडलेल्या यंत्रात नाणे टाकून त्याच्या पडद्यावर खेळावयाचा इलेक्ट्रॉनीय खेळ. ‘आर्केड’ म्हणजे मूलतः कमानींचा, दुतर्फा दुकाने असलेला आच्छादित मार्ग. नाण्यावर चालणाऱ्या करमणुकीच्या यंत्रांच्या दालनांनाही पुढे हेच नाव पडले. यंत्राची उभी पेटी, तीत ऋण किरण नलिकेचा पडदा, समोर दांडा व बटणे आणि खाली नाण्याची फट, अशी या खेळाची सर्वसाधारण रचना असे. १९७८ ते १९८३ हा या खेळांचा उत्कर्षकाल मानला जातो.

पूर्वपीठिका : या खेळांना दोन वेगवेगळे वारसे लाभले. पहिला करमणुकीच्या यंत्रांचा. पिनबॉलची यंत्रे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत लोकप्रिय होती. परंतु ती जुगाराची साधने समजली जात आणि न्यूयॉर्क शहरात त्यांच्यावर १९४२ ते १९७६ या काळात बंदी होती. या व्यवसायातील वितरक व दालने व्हिडिओ खेळांना आयती मिळाली. त्यांच्याबरोबर समाजाचा संशयही वाट्याला आला. दुसरा वारसा संगणकशास्त्राचा. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे स्टीव्ह रसेल व त्यांचे सहकारी यांनी १९६२ मध्ये पीडीपी–१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा दोन अवकाशयानांच्या झुंजीचा खेळ तयार केला. असा संगणक करमणुकीच्या दालनात ठेवणे खर्चाच्या दृष्टीने अशक्य होते. नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांनी संगणक पूर्णपणे वगळला आणि साधी तर्क मंडले व दूरचित्रवाणीचा पडदा यांच्या साहाय्याने १९७१ मध्ये ‘कंप्यूटर स्पेस’ हा खेळ बाजारात आणला. त्याची नियंत्रणे सामान्य ग्राहकाला अवघड वाटल्याने त्याला माफकच यश मिळाले.

१९७२ मध्ये या दोघांनी अटारी ही कंपनी स्थापन केली. तेथील अभियंते ॲलन ऑल्कॉर्न यांनी तयार केलेला ‘पाँग’ हा टेबल टेनिससारखा खेळ समजण्यास एका वाक्याची सूचना पुरे होती. कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथील एका मद्यगृहात चाचणीसाठी ठेवलेले त्याचे यंत्र काही दिवसांत बंद पडले. नाण्यांची पेटी काठोकाठ भरल्यामुळे ते अडले होते. ‘पाँग’च्या यशानंतर अनेक उत्पादकांनी त्याच्या नकला केल्या. १९७५ मध्ये ‘गन फाइट’ या खेळात सूक्ष्मप्रक्रियकाचा वापर झाला व तेथून खेळाचे नियम मंडलांच्या जोडणीऐवजी कार्यक्रमणातून ठरू लागले.

उत्कर्षकाल : जपानमधील टायटो कंपनीचे तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ रचला. त्यात शत्रूंच्या पाच रांगा, प्रत्येकी अकरा, हळूहळू खाली सरकतात. शत्रू कमी झाले की प्रक्रियकाला कमी आकृत्या रेखाटाव्या लागत व उरलेल्यांचा वेग आपोआप वाढे. यंत्राच्या मर्यादेतून उद्भवलेला हा परिणाम निशिकादो यांनी तसाच ठेवला आणि त्यानेच खेळाला चढता ताण लाभला. या खेळामुळे जपानमध्ये १०० येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला, असे सांगितले जाते. ती आख्यायिकाच होय.

१९८० मध्ये नामको कंपनीचा ‘पॅक-मॅन’ प्रसिद्ध झाला. युद्धखेळांनी भरलेल्या दालनांत स्त्रियांनीही यावे, या हेतूने तोरू इवातानी यांनी खाण्याच्या क्रियेवर हा खेळ बेतला. चक्रव्यूहातील २४४ ठिपके गिळणाऱ्या पिवळ्या आकृतीचा चार भुते पाठलाग करतात; प्रत्येकाची चाल निराळी असल्याने खेळाडू ती हेरून मार्ग पाठ करू शकतो. फेरीचा क्रमांक एकाच बाइटमध्ये साठविला जात असल्याने २५६ व्या फेरीत पडद्याचा उजवा अर्धा भाग विस्कटतो व खेळ पुढे जाऊ शकत नाही. १९८१ मध्ये निंटेंडो कंपनीने न खपलेल्या यंत्रांचा उपयोग करण्याचे काम शिगेरू मियामोतो या तरुण कलाकाराकडे सोपविले. त्यांनी रचलेल्या ‘डाँकी काँग’मधील उड्या मारणारा सुतार पुढे ‘मारिओ’ या नावाने जगप्रसिद्ध झाला.

नाणे व खेळाचे स्वरूप : दालनमालकाचे उत्पन्न नाण्यांच्या संख्येवर अवलंबून असे. त्यामुळे खेळ काही मिनिटांत संपावा, तरी हरणाऱ्याला तो अन्यायाचा वाटू नये, अशी दुहेरी कसोटी रचनाकारापुढे असे. मोजके ‘जीव’, क्रमाने वाढणारी अवघडता व सर्वोच्च गुणांची यादी ही वैशिष्ट्ये या हिशेबातून आली. यादीत नावाची आद्याक्षरे कोरण्याची सोय झाल्यावर अनोळखी खेळाडूंमध्येही स्पर्धा निर्माण झाली. कुशल खेळाडू एका नाण्यावर तासन्‌तास खेळे आणि त्याच्याभोवती प्रेक्षकांचे कडे जमे.

विरोध व नियंत्रण : मुले शाळा बुडवितात, पैसे उधळतात, असे आक्षेप सर्वत्र घेतले गेले. टेक्सस राज्यातील मेस्कीट शहराने सतरा वर्षांखालील मुलांना पालकांवाचून दालनात येण्यास मनाई केली. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने १९८२ मध्ये वयाच्या अटीचा अंतिम निर्णय न देता प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठविले. फिलिपीन्समध्ये अध्यक्ष फेर्दिनांद मार्कोस यांनी १९८१ मध्ये या यंत्रांवर संपूर्ण बंदी घातली. जपानमध्ये १९८५ पासून ही दालने मध्यरात्रीनंतर बंद ठेवणे कायद्याने बंधनकारक झाले. अनेक कुमारांच्या दृष्टीने मात्र घर व शाळा यांपलीकडे समवयस्कांना भेटण्याची ती एकमेव जागा होती.

उतार व जतन : १९८३ च्या सुमारास अमेरिकेत यंत्रांची संख्या मागणीपेक्षा अधिक झाली आणि घरगुती संच व संगणक स्वस्त होऊ लागले. ‘स्ट्रीट फायटर–२’ (१९९१) या द्वंद्वखेळाने व ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ (१९९८) या पदन्यासाच्या खेळाने दालनांना पुन्हा गर्दी लाभली. तथापि घरातील यंत्रे तांत्रिक दृष्ट्या वरचढ ठरल्यावर हा व्यवसाय आक्रसत गेला. जुन्या यंत्रांतील स्मृतिचकत्या व पडदे नादुरुस्त होऊ लागल्याने मूळ खेळ नष्ट होण्याचा धोका निर्माण झाला. १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘मेम’ या आज्ञावलीने जुन्या यंत्रांचे वर्तन आधुनिक संगणकावर हुबेहूब घडवून आणले. न्यूयॉर्कच्या म्यूझीयम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये ‘पॅक-मॅन’चा आपल्या संग्रहात समावेश केला. खेळाची आज्ञावली अशा रीतीने टिकविता येते. नाणे पेटीवर ठेवून आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्या गर्दीचे जतन मात्र कोणत्याही संग्रहालयाला साधलेले नाही.