ऐनावरचा कोसा

साडेचार हजार वर्षं मागे या. जागा आजच्या गडचिरोलीतली, वैनगंगेच्या खोऱ्यातलं पानझडी रान. मृगाचा पाऊस नुकताच पडून गेलाय आणि ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल भिजून काळी झालीय. तिन्हीसांजेची वेळ. तुमच्या डोळ्यांसमोर डहाळीला टसर पतंगाचा एक करडा, टणक कोसा लोंबतोय.

गेल्या हिवाळ्यापासून तो इथेच आहे. उन्हाळ्यात ऐन उघडाबोडका झाला, वावटळी येऊन गेल्या, तरी हा पडला नाही. का पडला नाही ते जवळ जाऊन बघा. अळीनं आधी डहाळीभोवती रेशमाचं कडं घातलंय, कड्याला बळकट देठ जोडलाय, आणि मगच स्वतःला कोंडून घेतलंय. पान गळणार, फांदी राहणार, या हिशेबानंच जणू ती बांधणी झालेली आहे. मला या पतंगाच्या सगळ्या आयुष्यात हा देठच सर्वांत थक्क करतो.

आता हलू नका. कोशाचं वरचं टोक ओलं होतंय. आतला जीव तोंडातून द्रव सोडून रेशमाचा डिंक सैल करतोय, पायांनी धागे बाजूला सारतोय. बाहेर येते ती मादी, पंख चुरगळलेले, अंग ओलं. ती डहाळीला लटकते आणि पंखांच्या शिरांत रक्त भरू लागतं. बघता बघता ते तुमच्या तळहाताहून मोठे होतात, पिवळसर, आणि चारही पंखांवर एकेक गोल डोळा. त्या डोळ्याच्या मध्यभागी खवलेच नाहीत, नुसता पारदर्शक पडदा.

ही काही खाणार नाही. खाता येईल असं तोंडच उरलेलं नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तिचे जेमतेम आठवडाभराचे दिवस निघतील. अंधार पडल्यावर ती गंध सोडते, आणि विटकरी रंगाचा नर पिसांसारख्या रुंद मिशांनी तो टिपत येतो. पाठोपाठ दीडदोनशे अंडी.

आठ-दहा दिवस पुढे सरका. बारीक पिवळट-तपकिरी अळ्या, डोकं काळं. चार वेळा कात टाकून त्या हिरव्यागार आणि बोटाएवढ्या जाड होतात, कुशीवर चंदेरी ठिपके चमकतात. पानाची कड दोन्ही बाजूंच्या पायांत धरून अळी वरून खाली कुरतडत जाते, आणि खाली पाचोळ्यावर लेंड्या टपटपत राहतात. मुंग्या, गांधीलमाश्या, पाखरं यांच्या तडाख्यातून थोड्याच वाचतात. महिना-सव्वा महिन्यानं त्या पुन्हा कडं विणायला घेतात. पावसाळ्यात एखादी पिढी आणखी होते; हिवाळ्याच्या तोंडावरचे कोसे मात्र पुढच्या पावसापर्यंत झोपून राहतात.

काळ तोच ठेवून रावीकाठच्या हडप्प्यात चला. तिथे सापडलेल्या दागिन्यांत अडकलेले धागे आयरीन गुड, जोनाथन मार्क केनॉयर आणि रिचर्ड मेडो या संशोधकांनी तपासले. 2009 साली त्यांनी जाहीर केलं की ते रानटी रेशीम आहे, टसरच्याच प्रजातीतल्या पतंगांचं. म्हणजे कोसा काढून त्याचा धागा करण्याची विद्या हडप्पाकाळातच माणसाच्या हातात होती.

आता परत आजच्या गडचिरोलीत. ऐनाच्या त्याच रानात ढिवर समाजातली कुटुंबं पाखरं हाकलत अळ्या राखतात, कोसे उतरवतात. सलग धागा हवा तर आतला कोशित मारावा लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून बियाण्याचे कोसे वेगळे राखले जातात. पण पुढच्या पिढीच्या अळीला लागतं ऐन-अर्जुनासारख्या झाडांचं हिरवं पान, आणि ते मुख्यतः रानातून मिळतं. भंडाऱ्याकडची टसर साडी घ्याल तेव्हा तिच्या पोताइतकीच त्या रानाचीही चौकशी करा.