अर्ध्या तासाची भाकरी

आमच्या इंदूरच्या घरी माळ्यावर एक पितळी डबा आहे. चार पुडांचा, बाजूने कडी घातलेला, झाकणावर आजोबांचे नाव ठोकलेले. आजोबा येथील एका कापडाच्या मिलमध्ये हजेरी-कारकून होते. (मुंबईकर कापडाची गिरणी म्हणतो, आम्हा इंदूरकरांना गिरणी म्हटले की दळणच आठवते.) आमच्यासारख्या जुन्या घराण्यांनी सनदा जपल्या, वंशावळी जपल्या, कोणाच्या पूर्वजाला कोणत्या सरदाराने कोणते गाव दिले याचे कागद लोखंडी पेटीत ठेवले. हा डबा मात्र मोडीत द्यायला दोनदा खाली काढला होता. त्याच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहावे, हे आम्हांला फार उशिरा सुचले.

कामावर अन्न बांधून नेणे ही काही नवी गोष्ट नव्हे. शिदोरी आपल्याकडे फार जुनी. गोपाळकाल्याची सारी कथाच मुळी गुराख्यांच्या शिदोऱ्यांवर उभी आहे. परंतु शिदोरी ही वाटेची आणि शेताची; भूक लागली, झाड दिसले, पाणी जवळ असले की सोडावी. ती केव्हा सोडायची हे खाणाऱ्याच्या हाती असे. डबा हा भोंग्याचा. तो केव्हा उघडायचा हे दुसऱ्याने ठरवायचे. शिदोरीचा डबा झाला त्यात धातूच्या भांड्यापेक्षा घड्याळाचा वाटा मोठा आहे, असे आम्हांला वाटते.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची कंपनी काढली. त्यानंतरची कित्येक वर्षे गिरणीचा दिवस म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा दिवस होता. उन्हाळ्यात तो तेरा-चौदा तासांवर जाई. सक्तीची अशी जेवणाची सुट्टी नव्हती. यंत्र चालू असताना शेजारच्याला साचा सांभाळायला सांगून कामगार खात्यातच चार घास खाई, आणि त्या घासांवर हवेतला कापूस बसे. १८८१ चा पहिला कारखाना कायदा मुलांपुरताच होता. प्रौढ माणसाला भूक लागते याची दखल त्याने घेतली नाही.

ती दखल घ्यायला लावली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. रविवारची सुट्टी ही त्यातली मागणी आज सर्वांना ठाऊक आहे, कारण १८९० मध्ये ती मिळाली आणि आपण सारेच ती उपभोगतो. त्याच अर्जातली दुसरी मागणी मात्र विस्मरणात गेली : दुपारी अर्धा तास विश्रांती. मजुरी वेळेवर मिळावी, अपघातात जायबंदी झालेल्याला काही मिळावे, या मागण्यांच्या पंक्तीला ही अर्ध्या तासाची मागणी बसली होती. १८९१ च्या कायद्याने दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी आली. पुढे विजेचे दिवे लागले, १९०५ च्या सुमारास दिवस रात्रीत शिरू लागला आणि कामगारांना पुन्हा भांडावे लागले. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत बारा तासांची मर्यादा घातली, १९२२ मध्ये ती अकरा तासांवर आली, १९३४ मध्ये दहांवर.

येथे आपल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हे सारे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानचे. होळकरांचे इंदूर, शिंद्यांचे ग्वाल्हेर, गायकवाडांचे बडोदे येथे ते आपोआप लागू होत नसत. मुंबईत जे तास कमी झाले ते संस्थानी मिलमध्ये त्याच दिवशी कमी झाले असे समजण्याचे कारण नाही. १९४८ च्या कायद्याने आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह असे ठरवले. संस्थाने विलीन झाल्यावर इंदूर आणि परळ एका मापाने मोजले जाऊ लागले.

आता डब्याच्या आत पाहू. पितळेला कल्हई हवी. ती उडाली की आंबट पदार्थ कळकतो आणि पोटाला अपाय करतो. त्यामुळे ताक, आमटी, आमसुलाचे सार हे पितळी डब्यातून वर्ज्यच असत. ज्वारीची भाकरी गरम पाण्याने मळावी, भाजल्यावर तिची वाफ जाऊ द्यावी आणि मगच ती फडक्यात गुंडाळावी. घाई केली तर ओलसर, उशीर केला तर चामड्यासारखी. पिठले घरी, झुणका डब्यात. कारण झुणक्यात पाणी नाही. भात उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतो, म्हणून भातखाऊ कोकणी माणूसही कामावर भाकरीला सरावला. शेंगदाण्याची, जवसाची, तिळाची चटणी, मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ, फोडलेला कांदा. आज आहारतज्ज्ञ दीर्घ पाळीसाठी धान्य, डाळ आणि तेलबिया एकत्र असाव्यात, अन्न सावकाश पचावे असे सांगतात. आजींनी हे शास्त्र म्हणून केले नव्हते. जे टिकेल आणि संध्याकाळपर्यंत पुरेल तेच त्या बांधत होत्या. माळव्याच्या गव्हाने आमच्याकडे भाकरीची पोळी झाली, एवढाच काय तो फरक.

बारा तासांच्या पाळीचा डबा भरणारीचा दिवस किती तासांचा, हे मात्र कोणत्याच कायद्याने मोजले नाही. १८९१ मध्ये गिरणीतल्या बायकांचे काम अकरा तासांवर आणले गेले. पहाटेची चूल त्या अकरांत धरलेली नव्हती. आणि ज्यांच्या बायका साताऱ्याला, रत्नागिरीला गावी राहिल्या त्या हजारो पुरुषांचे काय? ते गाळ्यात दहा-वीस जण मिळून राहत आणि खाणावळीत जेवत. चाळीतल्या एका खोलीत एक बाई वीस-पंचवीस जणांचा स्वयंपाक करी, महिन्याच्या उधारीवर. पगार लांबला की आधी तिची चूल अडे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या संपाच्या इतिहासात डॉ. दत्ता सामंत आहेत, गिरणीमालक आहेत, खाणावळवाल्या मात्र क्वचितच. या बायकांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यातल्या; हे आमच्या गोव्याच्या वाचकांना सांगायला नकोच.

डबा उघडला की सारे एक होतात, असे लिहिण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. गिरणीत पाण्याचे माठ जातीनिहाय वेगळे असत. विणकाम खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून त्या अधिक पगाराच्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेतलेच जात नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. जेथे धाग्याला लागलेले तोंड चालत नव्हते, तेथे भाकरीचा तुकडा किती जणांच्या हाती फिरला असेल? आमच्या आजोबांचा डबा चार पुडांचा होता, आणि तो ते कारकुनांच्या खोलीत, आपल्यासारख्यांच्याच पंक्तीत उघडत. घरात ही गोष्ट त्यांच्या सोवळ्याचे कौतुक म्हणून सांगितली जाई. आम्हीही ती लहानपणी तशीच ऐकली.

इंदूरच्या मिल एकामागून एक बंद पडल्या. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये थांबली आणि तिच्या कामगारांच्या देण्याचा प्रश्न २०२३ अखेरपर्यंत लोंबकळला. मालवा मिल हे आता केवळ वस्तीचे नाव आहे.

आमची पुतणी शहरातल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. पाळी कागदावर आठ तासांची, प्रत्यक्षात पुष्कळदा बाराची. पहिल्या वर्षी तिची आई वरण, भात, भाजी, कोशिंबीर असा साग्रसंगीत डबा देई आणि तो बहुतेक दिवशी न उघडता परत येई. बसायला वेळ नाही, वॉर्ड सोडता येत नाही. वहिनींनी आता भात देणे बंद केले आहे. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी, आत कोरडी चटणी, वर घट्ट सुरळी. ती उभ्याने खाता येते.