राजीनामा : संमतीच्या कागदाची उलटी वाट (थ्रेड)

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यात बोरी अरब नावाचे गाव आहे. ‘बोरी’ घरचा शब्द, ‘अरब’ दूरदेशीचा. पाटीवर मात्र दोघे गुण्यागोविंदाने शेजारी नांदतात. वऱ्हाडातील कचेरीची मराठीही अशीच जोडनावाची. तिच्यातील एक शब्द आज बातम्यांतून रोज भेटतो : राजीनामा.

‘राजी’ मूळचा अरबी, ‘नामा’ फारसी. शब्दशः अर्थ संमतीचा कागद. त्यात ना नोकरी, ना पद, ना सोडणे. उत्तरेकडील न्यायालयांत आजही ‘राजीनामा झाला’ म्हणजे वादी-प्रतिवादींत समेट झाला. पद सोडायचे तर तिकडे ‘इस्तीफा’, आणि त्या अरबी शब्दाच्या मुळाशी माफी मागण्याचा भाव आहे. म्हणजे हिंदीभाषक खुर्ची सोडताना माफी मागतो आणि मराठीभाषक संमती देतो! गुजराती आणि कन्नड भाषकही या बाबतीत आपल्याच पंक्तीला.

मग संमतीच्या कागदाला ‘सोडण्याचा’ अर्थ चिकटला कसा? त्याचा एक मोठा दुवा कचेरीत नव्हे, शेतात सापडतो.

मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीत खातेदाराला जमीन नकोशी झाली, सारा झेपेनासा झाला, तर तो ‘राजीनामा’ लिहून देई. ती जमीन घेणारा ‘कबुलायत’ लिहून देई. राजीनामा-कबुलायत ही जोडीच होती. एकाने राजीखुशीने हक्क सोडायचा, दुसऱ्याने साऱ्याची जबाबदारी पत्करायची. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि १८६० च्या दशकापासून तेथील जमिनीची मोजणी व साराबंदी मुंबईच्याच धर्तीवर झाली. शेतावरचा हक्क सोडणे आणि पदावरचा हक्क सोडणे यांत अंतर ते किती!

त्याआधीच्या वतनदारीला ही कल्पना परकीच होती. पाटीलकी, देशमुखी, देशपांडेपण हे सारे वंशपरंपरेचे. वतन विकता येई, भावांत वाटता येई, सरकार ते जप्तही करी. पण चार ओळी लिहून त्यातून मोकळे व्हावे, असे वतनदाराच्या मनात सहसा येत नसे. वतन सुटणे म्हणजे घराण्याचे नाक जाणे.

दुसऱ्याच्या मर्जीने जाण्यासाठी मात्र भाषेचा हात सढळ आहे. बडतर्फ हा फारसी ‘बरतरफ’चा मराठी अवतार; अर्थ सरळ, बाजूला केलेला. बरखास्त हाही फारसीच. आणि ‘नारळ देणे’ अस्सल आपले : शुभकार्याचे फळ हाती ठेवून दार दाखवायचे. यापेक्षा सभ्य क्रौर्य शोधून सापडायचे नाही.

या सगळ्या शब्दसंपत्तीत विदर्भातील सालगडी कुठेच नाही. त्याचा करार गुढीपाडव्याला ठरे आणि पुढच्या पाडव्याला संपे. मधेच काम सोडायचे तर आधी घेतलेली उचल फेडणे आले. त्याच्या बोलीला कागदच नव्हता, मग ‘नामा’ कुठून येणार?

याच जिल्ह्यातील वणीत १८८० मध्ये जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी या शब्दाचा अर्थ पार उलटा करून दाखवला. १९३४ मध्ये जातीय निवाड्याबाबत काँग्रेसची भूमिका न पटल्याने ते कार्यकारिणीतून बाहेर पडले. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले. सरकारात गेल्याबद्दल टीकाही सोसली. १० फेब्रुवारी १९४३ रोजी आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण आरंभले. सरकार त्यांना बिनशर्त सोडायला तयार होईना. तेव्हा अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी मंडळ सोडले. संमतीच्या नावाचा कागद, आणि आत लिहिलेली असंमती!

त्या राजीनाम्याने गांधीजी सुटले नाहीत. उपोषण ३ मार्चला संपले, स्थानबद्धता पुढे वर्षभराहून अधिक काळ चालली. अणे त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला रवाना झाले.