पाण्याकांठची पंगत

पुण्याहून पौडाची वाट धरली म्हणजे मुळा नदीचें खोरें लागतें. पौडापासून वायव्येस वळलें, कीं मुळेची उपनदी वाळकी भेटते. आणि तिच्या खोऱ्यांत, भाताच्या खाचरांच्या मधोमध, कोळवण हें गांव दिसूं लागतें. उत्तरेस तिकोना किल्ल्याचें त्रिकोणी शिखर उभें असतें. सुटीच्या दिवशीं शहरांतील कुटुंबें मुळशीच्या या बाजूस जेवावयास येतात. त्यांच्यासाठीं पाण्याकांठीं उपाहारगृहें निघालीं आहेत, आणि त्यांपैकीं कित्येकांची मांडणी जुन्या वाड्याची असते. दाराशीं दगडी जातें, भिंतीवर ढाल-तलवार, तुळईला टांगलेला कंदील, कोपऱ्यांत तांब्याचें घंगाळ. आणि ताटांत पिठलें, भाकरी व ठेचा. जेवणारास घटकाभर शिवकालांत बसल्यासारखें वाटतें. हा भास निरुपद्रवी खरा. परंतु त्या काळीं या खोऱ्यांत लोक काय जेवत, आणि कोणाच्या शेजारीं बसून जेवत, हें पाहिलें म्हणजे भिंतीवरच्या त्याच वस्तु निराळें बोलूं लागतात.

पैसे देऊन जेवण्याची जागा मावळांत त्या काळीं नव्हतीच. वाटसरू शिदोरी बांधून निघे, किंवा शिधा घेऊन नदीकांठीं तीन दगडांची चूल मांडी. पाणी जवळ आणि जळण हाताशीं, म्हणून नदीचा कांठ हेंच त्याचें भोजनगृह. अन्न देणें हें पुण्य आणि तें विकणें हलकें, अशी समजूत होती. आगगाडी, शाळा-कॉलेजें, गिरण्या आणि कचेऱ्या यांनीं माणूस घरापासून दूर नेला, तेव्हां कोठें शहरांत खाणावळी वाढल्या. बोरघाटांतून लोहमार्ग पुरा झाला तो 1863 सालीं. मावळांतल्या कुणब्याचें जेवण मात्र नाचणी आणि वरी यांवरच चाले. तो भात पिकवी. पण भात पिकविणाऱ्याच्या ताटांत रोज भात असेच, असें नाहीं. सारा आणि सावकार यांचा वांटा आधीं निघे.

आतां ती ढाल-तलवार. हा सरहद्दीचा मुलूख. अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही आणि पुढें मोगल यांच्या सत्ता येथील डोंगरांवरून एकमेकींस भिडल्या. 1665 सालीं पुरंदरास वेढा पडला असतां मिर्झाराजे जयसिंगानें आपलीं पथकें लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना यांच्या आसपासच्या प्रदेशांत धाडलीं, आणि त्यांनीं गांवेंच्या गांवें जाळलीं. किल्ला पडत नाहीं तर त्याला दाणा पुरविणारें खोरें उजाड करावयाचें, हा त्यामागील हिशेब होता. त्याच वर्षीं तह होऊन 23 किल्ले मोगलांस द्यावे लागले. त्यांत तिकोनाही होता. तलवार भिंतीवर शोभून दिसते, परंतु तिची झळ पहिल्यानें लागे ती कणगीला.

दुसरी गोष्ट पंगतीची. वाड्याच्या त्या ओसरीवर सर्वांनाच पान मिळत नसे. जात पंगत ठरवी आणि पंगत माणसाची पायरी ठरवी. हा निर्बंध पेशवाईबरोबर संपला नाहीं. 1890 सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा ठेवण्यांत आला, आणि तेवढ्यावरून शहरांत ग्रामण्य माजलें; न्यायमूर्ति रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. पुढें कोल्हापुरांत गंगाराम कांबळे यांनीं शाहू छत्रपतींच्या पाठबळानें चहाचें दुकान काढलें. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण घेणार, हा प्रश्न होता. महाराज स्वतः तेथें थांबून चहा घेऊं लागले, आणि त्या प्रश्नाचें उत्तर भर रस्त्यांत मिळालें. आज अनोळखी कुटुंबें शेजारशेजारच्या मेजांवर निःशंकपणें जेवतात. ही सोय जुन्या वाड्यानें दिलेली नाहीं. त्याचा उंबरठा ओलांडून ती मिळवावी लागली आहे.

तिसरी गोष्ट पाण्याची. मुळशीचा जो विस्तीर्ण जलाशय पाहून मन प्रसन्न होतें, त्याच्या तळाशीं भाताचीं खाचरें आहेत. मुंबईस वीज पुरविण्यासाठीं टाटा कंपनीनें मुळा व निळा यांच्या संगमाजवळ धरण बांधण्यास घेतलें, आणि सुमारे पन्नास गांवांच्या जमिनींवर गदा आली. 16 एप्रिल 1921 रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला. सेनापति बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे पुढारी त्यांच्याबरोबर होते. बायकाही मागें राहिल्या नाहींत. 1924 पर्यंत झुंज चालली, आणि ती हरली. कित्येक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. त्यामुळें मोबदल्याचा मोठा भाग कसणाऱ्याच्या हातीं पडलाच नाहीं. पूर्वेकडे वाहणारें मुळेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस वळविण्यांत आलें, आणि 1927 सालीं भिरा येथील वीजघर चालू झालें.

कोळवणचें खोरें त्या जलाशयाच्या बाहेर राहिलें. म्हणूनच आषाढ-श्रावणांत येथें चिखलणी होते, गुडघाभर चिखलांत वांकून बायका रोपें लावतात, आणि खाचराखाचरांतून पाणी उतरत वाळकीस मिळतें. बुडालेलीं गांवें कशीं होतीं, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें हें खोरें पाहावें. उपाहारगृहाच्या दाराशीं मांडलेलें जातें कोणत्या तरी घरांत पहांटेच्या अंधारांत फिरत असे, आणि तें फिरविणारी बाई घरांतल्या सर्वांच्या मागून जेवत असे. समोरच्या ताटांत वाफाळलेला भात येतो, तेव्हां एवढी आठवण ठेवणें जड नाहीं. आगीनें एकदां आणि पाण्यानें एकदां या मुलखाच्या तोंडचा घांस हिरावला, तरीही येथील माणसानें पेरणें सोडलें नाहीं.