सांगितलं, पण हात हलला नाही : कोझिकोड, 7 ऑगस्ट 2020

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर 16 एप्रिल 2025 पासून प्रवासी विमान उतरू लागलं. तिथंच एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे. वर्षाला 180 वैमानिक घडवायचं नियोजन आहे. उद्या अमरावती-अकोल्याची पोरंपोरी तिथं शिकतील. त्यांनी कोझिकोडच्या विमान अपघाताची ही संध्याकाळ नीट वाचावी. त्या विमानाचे कॅप्टन आपल्याच विदर्भातले, नागपूरचे दीपक वसंत साठे. हवाई दलातले माजी विंग कमांडर, टेस्ट पायलट, दहा हजारांहून अधिक तास उडालेले.

(सर्व वेळा भारतीय)

सकाळ. कोरोनात परदेशी अडकलेल्यांना आणायला एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग 737 कोझिकोडहून दुबईकडे निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहूनच आणखी एक विमान साठ्यांना न्यायचं होतं. त्या तळावर कॅप्टनांचा तुटवडा होता. आज परतायला उशीर झाला तर विश्रांतीचे तास भरणार नाहीत आणि उद्याचं उड्डाण अडेल. या दबावाची नोंद चौकशी अहवालात आहे.

दुपारी 3.30. दुबईहून उड्डाण. 184 प्रवासी, दोन वैमानिक, चार कर्मचारी.

संध्याकाळी 7 नंतर. कोझिकोडला पाऊस. धावपट्टी डोंगरमाथा सपाट करून केलेली, दोन्ही टोकांना दरी. धावपट्टी 28 वर उतरायचा पहिला प्रयत्न. कॅप्टनच्या बाजूचा वायपर 27 सेकंद चालून बंद पडला. धावपट्टी दिसेना, तसं साठ्यांनी विमान पुन्हा वर नेलं. हा निर्णय अगदी बरोबर होता.

त्यानंतरची काही मिनिटं. निघणाऱ्या एका विमानाच्या सोयीसाठी नियंत्रण कक्षानं दिशा बदलली : आता धावपट्टी 10, म्हणजे त्याच पट्टीवर उलट बाजूनं. वारा पाठीमागून. ओल्या धावपट्टीवर मागून वारा असला की थांबायला जास्त अंतर लागतं. त्या जोरदार वाऱ्याचा इशारा नियंत्रण कक्षानं दिला नाही. दुसरीकडे वळायला पुरेसं इंधन विमानात होतं. तरी दुसरा प्रयत्न इथंच करायचं ठरलं.

7.40 च्या थोडं आधी. सुमारे 500 फुटांवर ऑटोपायलट काढला. वायपर चालू होता, पण संथ. विमान मिनिटाला 1500 फूट या वेगानं खाली येऊ लागलं. मर्यादा 1000 ची. सहवैमानिकानं लक्ष वेधलं. यंत्रानंही सावध केलं. नियम स्पष्ट आहे : उतरणं असं अस्थिर झालं की कारण शोधत बसायचं नाही, वर जायचं.

शेवटचे क्षण. विमान धावपट्टीवर तरंगत राहिलं. चाकं पहिल्या 3000 फुटांत टेकायला हवी होती. ती हद्द मागे पडली. सहवैमानिकानं ‘गो-अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, असं म्हटलं. कॅप्टननी ऐकलं नाही, आणि सहवैमानिकानं नियंत्रण स्वतःकडे घेतलं नाही.

7.40 वाजून 25 सेकंद. चाकं 4438 फुटांवर टेकली; धावपट्टी 8858 फुटांची. वेग ताशी सुमारे 305 किलोमीटर, पाठीशी 14 नॉटचा वारा. पूर्ण ब्रेक लावूनही विमान ताशी सुमारे 156 किलोमीटरनं धावपट्टीबाहेर गेलं, अँटेना आणि कुंपण तोडून 110 फूट खाली आदळलं. तीन तुकडे झाले. इंधन सांडलं, पण आग लागली नाही.

रात्र. कोरोनाची भीती बाजूला ठेवून विमानतळाजवळच्या करिपूर-कोंडोट्टीची माणसं पावसात धावली. मिळेल त्या गाडीतून जखमींना दवाखान्यात पोचवलं. दोन्ही वैमानिकांसह 21 जण गेले.

सप्टेंबर 2021 मध्ये आलेल्या अहवालानं संभाव्य कारणात दोन गोष्टी मांडल्या : अस्थिर उतरणं चालू ठेवून कॅप्टननं पुढं जाऊन विमान टेकवलं, आणि सहवैमानिकानं नियंत्रण घेतलं नाही. यंत्रणेतल्या त्रुटींचाही यात वाटा असल्याचं अहवाल सांगतो. दहा वर्षांआधी, 22 मे 2010 ला, मंगळूरलाही हेच घडलं होतं. तिथं सहवैमानिक वर जायला सांगत होता, कॅप्टन थांबला नाही, 158 जीव गेले. इतकी किंमत मोजूनही धडा पक्का झाला नव्हता.

जबाबदारी कॅप्टनचीच, यात वाद नाही. चाळीस वर्षांचा अनुभव असो की चार महिन्यांचा, अस्थिर विमान उतरवायचं नाही. पण वरिष्ठाच्या हातातलं विमान आपल्या हाती घेणं हे नुसतं पुस्तकात लिहून अंगी येत नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाला अडवणं उद्धटपणाचं मानतात; हा संस्कार कॉकपिटमध्ये जीव घेतो. म्हणून बेलोऱ्याच्या संस्थेत पहिल्या महिन्यापासून प्रत्येक विद्यार्थ्याकडून हा सराव करून घ्यावा : दोनदा सांगा, ऐकलं नाही तर नियंत्रण घ्या. आणि विमान कंपन्यांनी वेळापत्रकं अशी आखावीत, की वळवलेल्या विमानामुळं उद्याचं उड्डाण अडेल ही काळजी वैमानिकाच्या डोक्यात राहणार नाही.