मावळातील दुर्गांची युद्धकालीन अन्नव्यवस्था व तिचे दुर्लक्षित अवशेष

प्रस्तावना
मराठ्यांच्या दुर्गांचा अभ्यास प्रामुख्याने तट, बुरूज व दरवाजे यांच्या अनुषंगाने झालेला आहे. वस्तुतः गड किती काळ लढेल, हे तेथील धान्य व पाणी यांवरही तितकेच अवलंबून असे. लोणावळ्याच्या परिसरातील लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या दुर्गांच्या आधारे प्रस्तुत लेखात या बाजूचा विचार केला आहे.

रसदीवरील आघात
मावळात खोऱ्यांतून भात, तर डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी पिकते. गडांच्या या आधाराचे महत्त्व शत्रूनेही ओळखले होते. इ. स. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंहाने पुरंदरास वेढा घातला असतानाच दाऊदखान व कुतुबुद्दीनखान यांना मुलूख उद्ध्वस्त करण्यास पाठविले. त्यांच्या फौजेने या चारही गडांच्या पायथ्याची गावे जाळली. शेतकरी व गुरे धरून नेली. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या पुरंदरच्या तहान्वये हे चारही गड मोगलांच्या स्वाधीन करावे लागले.

गडावरील व्यवस्था व अवशेष
हवालदार व सबनीस यांच्याबरोबर कारखानीस हा गडावरील प्रमुख अधिकारी असे. धान्यादी साठ्याची जबाबदारी त्याच्याकडे होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाण्याची खात्री करण्याची आणि गडावर उपयोगी-निरुपयोगी अशी सर्व प्रकारची झाडे लावून जतन करण्याची आज्ञा आहे. प्रसंगी त्यांचे लाकूड तरी कामी यावे, हा त्यामागील हेतू होय. विसापूरच्या विस्तीर्ण पठारावरील टाकी व घरांची जोती पावसाळ्यात गवत-झुडपांखाली दिसेनाशी होतात. गडांवरील मोठ्या दगडी चाकांना अनेकदा 'जाते' म्हटले जाते. परंतु वर्तुळाकार चरातून बैलांकरवी फिरविले जाणारे चाक हे चुन्याच्या घाणीचे असते. धान्याचे जाते एकावर एक ठेवलेल्या दोन दगडांचे व खुंट्याने हाती फिरविण्याचे असते. हा भेद न केल्यास बांधकामाचा पुरावा अन्नव्यवस्थेचा म्हणून नोंदला जातो.

निष्कर्ष
जुलै २०२५ मध्ये लोहगडाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. शेजारच्या विसापूरचा त्यात समावेश नाही. तथापि १६६५ च्या आघातात दोन्ही गडांचे पायथे सारखेच होरपळले होते. म्हणून टाकी, कोठारे व जोती यांची नोंद पायथ्याच्या शेतजमिनींसह एकत्रितपणे होणे आवश्यक आहे. तसे न झाल्यास गडाचा इतिहास तटबंदीपुरताच उरेल आणि त्याला पोसणारा मावळचा शेतकरी त्यातून वगळला जाईल.