रुग्णालयांतील सुरक्षा, सार्वजनिक
शासन, महानगरपालिका वा जिल्हा परिषद यांनी चालविलेल्या रुग्णालयांतील रुग्ण, कर्मचारी, अभ्यागत व मालमत्ता यांच्या संरक्षणाची व्यवस्था आणि तीवरील शासकीय देखरेख. तीत हल्ला व चोरी यांपासून संरक्षण, बंदिवान रुग्णांवरील पहारा आणि आगीसारख्या आपत्तींचे निवारण या बाबी प्रामुख्याने येतात. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हे विषय राज्यसूचीत मोडत असल्याने ही जबाबदारी मुख्यत्वे राज्य शासनाची आहे. महाराष्ट्रात मात्र ती अनेक खात्यांत विभागली गेली आणि तीसंबंधीचे बरेचसे नियम दुर्घटनांनंतर आले, असे तिच्या इतिहासावरून दिसते.

रुग्णालयाचे दार कारखान्याप्रमाणे वा कारागृहाप्रमाणे बंद ठेवता येत नाही. अपघातग्रस्त, प्रसूतीची स्त्री वा अत्यवस्थ रुग्ण कोणत्याही घटकेस येतो आणि त्याच्याबरोबर घाबरलेले नातलगही येतात. दार खुले ठेवून आतील माणसांचे रक्षण करणे, हा या व्यवस्थेपुढील मूळ प्रश्न होय.

या प्रश्नाची दुसरी बाजू मुंबई महानगरपालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयातील (स्थापना १९२६) घटनेने उघड केली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तळघरात कपडे बदलण्यास गेलेल्या अरुणा शानबाग या परिचारिकेवर तेथीलच एका सफाई कामगाराने हल्ला केला. मेंदूस झालेल्या इजेमुळे त्या पुन्हा पूर्ववत शुद्धीवर आल्या नाहीत. सहकारी परिचारिकांच्या शुश्रूषेत त्याच रुग्णालयात १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. आरोपीस खुनाचा प्रयत्न व जबरी चोरी या गुन्ह्यांबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मार्च २०११ च्या निर्णयामुळे हे प्रकरण दयामरणाच्या संदर्भात सर्वज्ञात झाले. परंतु हल्लेखोर बाहेरून आलेला नव्हता, त्यामुळे प्रवेशद्वारावरील पहारा येथे निरुपयोगी ठरला, ही बाब त्या चर्चेत मागे पडली. कपडे बदलण्याची सुरक्षित खोली, पुरेसा प्रकाश व एकांतातील जागांवरील लक्ष हीदेखील सुरक्षेचीच अंगे आहेत.

रखवालदारांच्या नोकरीचे नियमन करण्यासाठी राज्यात १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांविषयीचा अधिनियम झाला. त्याचा भर रक्षकांच्या सेवाशर्ती व कल्याण यांवर होता. रुग्णालयाच्या विशिष्ट गरजांचा विचार त्याच्या कक्षेत नव्हता. १२ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयात सशस्त्र टोळीने रुग्णकक्षात शिरून उपचार घेत असलेल्या एका आरोपीस व त्याच्यावर पहारा करणाऱ्या दोन पोलिसांना ठार केले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी कामा रुग्णालयात शिरले. तेथील दोन रखवालदार मारले गेले. परिचारिका अंजली कुलथे यांनी २० गर्भवती स्त्रियांना सुरक्षित खोलीत हलविले. दोन्ही प्रसंगी रुग्णालयच हल्ल्याचे ठिकाण बनले.

२०१० साली दोन महत्त्वाचे अधिनियम झाले. एकाने गृह विभागाच्या अखत्यारीत राज्य सुरक्षा महामंडळ स्थापन झाले. दुसऱ्याने वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसेस तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठरविण्यात आल्या. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून नासधूस झालेल्या उपकरणांच्या खरेदीकिंमतीच्या दुप्पट भरपाईची तरतूद त्यात आहे. तथापि कायद्याने हल्ले थांबले नाहीत. मार्च २०१७ मध्ये धुळे येथे एका निवासी डॉक्टरास जबर मारहाण झाल्यावर राज्यभरातील निवासी डॉक्टरांनी सामूहिक रजा घेतली. मुंबई उच्च न्यायालयापुढे शासनाने महामंडळाचे सुमारे १,१०० रक्षक नेमण्याची हमी दिली. रुग्णाच्या भेटीस येणाऱ्यांची संख्या प्रवेशपत्रांद्वारे मर्यादित करण्याचे ठरले.

हे उपाय मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न असलेल्या मोठ्या रुग्णालयांसाठी होते. ग्रामीण भागातील स्थिती निराळी आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील सावर्डे हे मुंबई-गोवा महामार्गावरील गाव याचे उदाहरण म्हणून घेता येईल. या परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, तर चिपळूणजवळील कामथे येथील उपजिल्हा रुग्णालय राज्य आरोग्य विभागाकडे आहे. जवळच्याच डेरवण येथील मोठे रुग्णालय धर्मादाय न्यासाचे आहे. खाजगी रुग्णालयांनाही लागू असल्याने २०१० च्या अधिनियमाचे छत्र या सर्वांवर सारखेच आहे. मात्र देखरेख करणारे अधिकारी वेगवेगळे आहेत. महामार्गावरील मोठ्या अपघातानंतर जखमींबरोबर जमाव येतो, तेव्हा लहान रुग्णालयातील मोजके कर्मचारी हेच पहिले रक्षक ठरतात.

आगीचा धोका हा या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग होय. २००६ च्या अधिनियमान्वये इमारतीचा मालक वा भोगवटादार यांच्यावर अग्निप्रतिबंधक साधने सुस्थितीत ठेवण्याचे बंधन आहे. असे असूनही ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भक कक्षास आग लागून १० अर्भके दगावली. त्यानंतर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. पण त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत ११ रुग्ण मृत्यू पावले. तपासणीचा आदेश व त्यातून निघालेल्या दोषांचे निवारण यांत अंतर राहिल्यास देखरेख कागदोपत्रीच उरते.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात महिला डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले व त्या वेळी शानबाग प्रकरणाचाही उल्लेख केला. दोन्ही घटनांत अर्धशतकाचे अंतर होते. तरी रात्रपाळीतील विश्रांतीची जागा, प्रकाश व ये-जा यांविषयीचे प्रश्न तेच होते. रक्षकांची संख्या वाढविणे सोपे असते. गृह, आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, स्थानिक संस्था व अग्निशमन या यंत्रणांपैकी कोणत्या उणिवेस कोण जबाबदार, हे आधीच निश्चित करून तिची नियतकालिक तपासणी करणे हे अधिक कठीण, पण मूलभूत कार्य होय.